माणूस सकाळी एक निवडतो, संध्याकाळी दुसरं: मग त्याचं भलं कशात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि महिन्यातून दोन-तीनदा तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकांना जाते. वर्गात मुलं जे विचारतात, तेच बैठकीत सतरंजीवर बसलेल्या बायका विचारतात. शब्द फक्त वेगळे असतात. सतत पुढे येणारे प्रश्न आणि मला जी उत्तरं पटतात ती इथे एकत्र केली आहेत.

माणसाचं कल्याण आणि त्याची पसंती यांचा संबंध काय?

एखादी योजना आली, कर वाढला, रस्ता झाला, तर त्यातून कोणाचं भलं झालं हे कशावरून ठरवायचं? अर्थशास्त्राचं जुनं उत्तर असं: माणूस स्वतःहून जे निवडतो त्यात त्याचं भलं. 1938 मध्ये पॉल सॅम्युएलसन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने याला नीट रूप दिलं. मनात काय आहे ते शोधत बसू नका, हातात काय घेतलं ते पाहा, असं त्यांचं म्हणणं होतं. याला प्रकट पसंती म्हणतात.

या विचाराबद्दल मला आदर आहे. तुमच्यासाठी काय चांगलं हे दुसऱ्या कोणी शहाण्याने ठरवायचं नाही, हे त्यात गृहीत आहे. ज्या बायकांना आयुष्यभर इतरांनीच सगळं ठरवून दिलं, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. पण या सगळ्या इमारतीचा पाया एकच आहे. समोर त्याच वस्तू असतील तर माणूस तेच निवडेल, हा तो पाया.

आणि तसं होत नाही?

पुष्कळदा होत नाही. 1981 मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी छापलेला एक प्रयोग पाहा. एका रोगामुळे 600 माणसं दगावतील अशी भीती आहे. पहिल्या उपायाने 200 माणसं नक्की वाचतील. दुसऱ्या उपायाने सगळे 600 वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, आणि कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. 72 टक्के लोकांनी पहिला उपाय निवडला.

दुसऱ्या गटाला तेच आकडे उलटे करून सांगितले. पहिल्या उपायाने 400 माणसं नक्की मरतील, दुसऱ्याने कोणीच न मरण्याची शक्यता एक तृतीयांश. आता पहिला उपाय घेणारे उरले 22 टक्के. 200 वाचणं आणि 400 मरणं यांत कणाचाही फरक नाही. ‘वाचतील’च्या जागी ‘मरतील’ आलं आणि लोकांचं मत फिरलं. आता लोकांना कोणता उपाय हवा होता, हे कोणत्या गटाला विचारून सांगायचं?

ही कागदावरची कोडी झाली. खऱ्या बाजारात असं घडतं का?

भाचीच्या लग्नाची खरेदी करताना आम्ही साडीच्या दुकानात गादीवर बसलो होतो. घरून सहा हजारांचं ठरवून निघालो होतो. “ताई, घेऊ नका, नुसत्या बघा,” म्हणत दुकानदाराने पहिलीच पैठणी उलगडली ती बावीस हजारांची. मग पंधराची. मग साडेनऊची. साडेनऊची उलगडली तेव्हा आम्ही तिघींनी एकदमच “ही बरी आहे की” म्हटलं. सहा हजारांचा गठ्ठा शेजारीच होता, तो कोणी उघडायलाही सांगितला नाही. दुकानदाराने फसवलं नाही, किमती खऱ्या होत्या आणि साडीही छान होती. पण घरातून निघताना हवी होती ती साडी आणि गादीवर बसल्यावर हवीशी झाली ती साडी, यांत आमची पसंती कोणती हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

संदर्भ बदलला की निवड बदलते, म्हणजे माणूस चुकतो असंच ना?

नाही. हा गैरसमज आधी काढायला हवा.

अमर्त्य सेन यांनी 1993 मध्ये एक साधं उदाहरण दिलं होतं. टोपलीत एकच सफरचंद उरलं असेल तर माणूस हात आखडता घेतो. दोन असती तर त्यानेच एक उचललं असतं. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही. ताटलीत शेवटची नारळाची वडी राहिली की चारही पाहुणे “घ्या ना तुम्ही” म्हणतात आणि ती वडी तशीच आत जाते. तीन वड्या असत्या तर प्रत्येकाने हात घातला असता. इथे कोणाचा हिशोब चुकलेला नाही. शेवटची वडी घेणं ही मुळात वेगळी कृती आहे, वडी भले तीच असो.

त्यामुळे निवड बदललेली दिसली की आधी हे पाहावं की बदललेल्या परिस्थितीत त्या माणसाच्या लेखी काही खरंखुरं बदललं आहे का. वडीच्या बाबतीत बदललं आहे. 600 माणसांच्या कोड्यात काहीही बदललेलं नाही. या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या की पुढचा सगळा हिशोब बिघडतो.

मग खरी पसंती कोणती? सकाळची की संध्याकाळची?

इथे थोडं थांबून बोलू, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

चेन्नईत सायकल रिक्षा ओढणाऱ्या माणसांबरोबर फ्रँक शिल्बाख या अर्थतज्ज्ञाने एक अभ्यास केला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं रोज दारू पिणारी. दिवसभर ओझं ओढून अंग ठणकतं आणि दारूने ठणका कमी होतो, असं त्यांचंही म्हणणं. रोज पितात तेव्हा त्यांना तीच हवी, असं प्रकट पसंतीवाला म्हणेल. पण त्यांच्यापुढे दोन प्रकारचे पैसे ठेवले. एक बिनशर्त, प्यायलेले या किंवा न प्यायलेले. दुसरे शुद्धीत आलात तरच. निम्म्याहून अधिक जणांनी शर्तीचे पैसे मागून घेतले. शर्तीचे पैसे बिनशर्त पैशांपेक्षा कमी असतानाही काहींनी तेच मागितले. स्वतःच्या पायात बेडी घालून घेण्यासाठी ते पदरचे पैसे सोडत होते. आणि ज्यांना अशी शर्त होती त्यांचं दिवसाउजेडी पिणं कमी झालं, शिल्लक वाढली.

या माणसाची पसंती कोणती? गुत्त्यावर तोच पैसे टाकतो आणि शर्तही तोच मागतो. नुसत्या निवडीच मोजायच्या तर दोन्ही सारख्याच.

मला वाटतं, दोन्हींचं वजन सारखं नाही. शर्त मागताना पुढचे दिवस त्याच्या डोळ्यांपुढे होते आणि त्यासाठी त्याने किंमत मोजली. मुख्य म्हणजे ती निवड स्वतःच्याच दुसऱ्या निवडीबद्दल होती. मी गुत्त्यावर काय करतो ते मला ठाऊक आहे आणि ते मला नको आहे, असं तो सांगत होता. माणसाने स्वतःच्या वागण्यावर स्वतः दिलेला निकाल, बाहेरच्या कोणाच्याही निकालापेक्षा, जास्त भरवशाचा असतो.

हे आपल्याला नवीन नाही. भिशी म्हणजे दुसरं काय? व्याज नाही, नफा नाही, उलट कोणी बुडवेल ही धाकधूक. तरीही दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे रुपये काढून ठेवायचेच, कारण बाकी अकरा जणी दारात उभ्या राहतील. आमच्या एका गटातल्या मावशी एकदा म्हणाल्या, “घरात पैसा ठेवला की तो बोलतो हो. भिशीत टाकला की गप बसतो.” त्यांना डब्यातला पैसा खर्च करायला आवडत नाही असं नाही. आवडतो, म्हणून तर त्या तो दूर ठेवतात.

फिलिपिन्समधल्या एका बँकेने हेच खात्याच्या रूपात देऊन पाहिलं. ठरलेली तारीख किंवा ठरलेली रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, आणि व्याज नेहमीचंच. 710 ग्राहकांना विचारलं, 202 जणांनी खातं उघडलं. ज्यांना हे खातं देऊ केलं त्या गटाची शिल्लक, ज्यांना दिलं नाही त्यांच्या तुलनेत, वर्षभरात 81 टक्क्यांनी वाढली. तरी लक्षात ठेवा, पाचशेवर लोकांनी नको म्हटलं. सगळ्यांवर तीच शर्त लादायची परवानगी या अभ्यासातून मिळत नाही.

अर्थशास्त्राने यासाठी काही नियम शोधला आहे का?

एक आहे, 2009 मधला, डग्लस बर्नहाइम आणि अँटोनियो रँगेल या अर्थतज्ज्ञांचा. सोप्या शब्दांत असा: ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही समोर असताना माणूस ‘ब’ कधीच घेत नसेल, मांडणी कशीही असो, वेळ कोणतीही असो, तर त्याच्यासाठी ‘अ’ चांगलं असं बेधडक म्हणा. कधी हे, कधी ते घेत असेल तर तिथे निकाल देऊ नका.

यातला प्रामाणिकपणा मला आवडतो. निवडी उलटसुलट झाल्या म्हणून सगळंच टाकून द्यायला नको, पुष्कळ ठिकाणी त्या स्थिरच असतात. पण नेमका जिथे सल्ला हवा तिथे हा नियम गप्प बसतो. रिक्षावाल्याबद्दल त्याच्याकडे उत्तर नाही. त्यावर बर्नहाइम आणि रँगेल म्हणतात की माणसाला समोरची गोष्ट नीट कळलेली नसताना केलेल्या निवडी हिशोबातून वगळा, म्हणजे बाकीच्यांतून काही सांगता येईल. वगळायला माझी हरकत नाही. मात्र काय वगळायचं हे ठरवणारा माणूस कोण, यावर डोळा हवा. नको असलेली उत्तरं ‘कळलं नव्हतं’ म्हणून काढून टाकणं फार सोपं असतं.

निवडीचा गोंधळ सोडून सरळ माणसालाच विचारलं, “सुखी आहेस का?” तर?

विचारावंच. पण उत्तर मिळालं की काम संपलं असं समजू नये.

बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, 1944 मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात एक आरोग्य पाहणी झाली होती. सेन यांनी ती पुढे आणली. बायको गेलेल्या पुरुषांपैकी 48.5 टक्के म्हणाले, तब्येत बरी नाही किंवा जेमतेम आहे. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या होत्या 2.5 टक्के. त्या काळच्या बंगालातली विधवा एकवेळ जेवणारी, उपासतापास करणारी. तिची प्रकृती पुरुषांपेक्षा ठणठणीत होती, असं कोणीही म्हणणार नाही. आपल्या दुखण्याला दुखणं म्हणायचं असतं हेच तिला कोणी शिकवलं नव्हतं.

हा आकडा मी बैठकीत सांगते तेव्हा क्षणभर कोणी बोलत नाही. मग कोणीतरी आपल्या सासूची गोष्ट काढतं. शिळी भाकरीच आवडते म्हणणारी, सगळ्यांचं झाल्यावर खरवड खाऊन उठणारी, “मला नाही बाई भूक लागत” म्हणणारी. दुधाची तहान ताकावर भागवता भागवता दूध आवडत होतं हेही विसरून जायला होतं. तिची निवड वर्षानुवर्षं स्थिर आहे, तक्रार शून्य आहे. प्रकट पसंती म्हणेल ती सुखी आहे. तिला विचाराल तर तीही तेच म्हणेल. सेन यांचा आग्रह असतो की अशा ठिकाणी माणूस काय म्हणतो याच्या जोडीला, त्याला काय करता येतं, काय होता येतं, हेही पाहा: पोटभर खाता येतं का, दवाखान्यात स्वतःहून जाता येतं का, नको असेल तर नाही म्हणता येतं का.

म्हणजे गरीब माणूस समाधानी असेल तर तुम्ही त्याला खोटं ठरवणार?

तिचं समाधान खोटं आहे असं मी म्हणणार नाही, ते तिने कष्टाने मिळवलेलं असतं. मी एवढंच म्हणते की त्या समाधानाचा दाखला दाखवून तिच्या वाटणीचं दूध कोणी बंद करू नये. आणि ताजी भाकरी आधी तिच्या ताटात वाढून बघावी. त्यानंतरही शिळीच हवी म्हणाली, तर आनंदाने द्यावी.

आजारपणात कोणाचं मत धरायचं, निरोगी माणसाचं की रुग्णाचं?

2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डायलिसिसवरच्या रुग्णांची मनःस्थिती आठवडाभर, दिवसातून अनेकदा टिपली. ती त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा फारशी वाईट निघाली नाही. निरोगी माणसांनी मात्र अंदाज केला होता की असं जगणं दुःखातच जात असेल. यावरून रुग्ण स्वतःला फसवतात असा अर्थ मी काढत नाही. आठवड्यातून तीनदा सुई टोचून घेणाऱ्याला बाकीचे चार दिवस कसे जातात हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, एवढाच तो अर्थ. तोच रुग्ण किडनी मिळाली तर ती घेईलही. दिवस बरा जाणं आणि आजार नको असणं या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात.

मग सिंगूरच्या विधवेचं समाधान बाजूला ठेवायचं आणि डायलिसिसच्या रुग्णाचं मानायचं, असं का? रुग्णाला आधीचं निरोगी आयुष्य माहीत आहे, तुलना त्याच्या स्वतःच्या अनुभवातली आहे, आणि नाराज आहे म्हटलं तर त्याला कोणी गप्प करत नाही. विधवेला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

भोगलेला वेळ मोजायचा की राहिलेली आठवण?

1993 मध्ये कानेमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना 14 अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट, आणि वर आणखी 30 सेकंद, त्यात पाणी हळूहळू 15 अंशांवर आणलेलं. तिसऱ्यांदा कोणता प्रकार घ्याल? 32 पैकी 22 जणांनी लांबलेला प्रकार मागितला. त्यात त्रास एकूण जास्तच होता, पण शेवट सौम्य होता आणि आठवणीत शेवट उरला.

यावर माझं एकच ठाम मत नाही. दाताच्या डॉक्टरने शेवट सौम्य केल्यामुळे माणूस पुढच्या वेळी वेळेवर जाणार असेल, तर आठवणीला मान द्यावा. लहान मुलाला किंवा शेवटच्या आजारात असलेल्या माणसाला प्रत्यक्ष क्षणच भोगायचा असतो. तिथे मिनिटं मोजावीत.

काहीच न निवडणाऱ्यासाठी आधीच एक पर्याय ठरवून ठेवणं योग्य आहे का?

काही ना काही आधी ठरलेलंच असतं. अर्जावरचा चौकोन कोरा असला तरी कोरेपणाचा एक अर्थ कोणीतरी लावलेला असतो. अमेरिकेतल्या एका कंपनीत निवृत्तीच्या बचत योजनेत नव्या कर्मचाऱ्याने स्वतः नाव घालायचं असे, तेव्हा 49 टक्के सामील होत. नाव आपोआप घालून, नको असेल त्याने काढावं असं केल्यावर 86 टक्के झाले. ब्रिगिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांचा 2001 मधला हा अभ्यास. मात्र कंपनीने आपोआप लावलेला हप्ता पगाराच्या फक्त 3 टक्के होता, आणि पुष्कळ जण त्या 3 टक्क्यांवरच बसून राहिले. ज्या सुस्तीने त्यांना योजनेत आणलं, तिनेच त्यांना तुटपुंज्या बचतीत अडकवलं.

अवयवदानाचंही तसंच. 2003 मध्ये छापलेल्या आकड्यांत ऑस्ट्रियात 99.98 टक्के संमती दिसत होती, शेजारच्या जर्मनीत 12 टक्के. ऑस्ट्रियात नकार कळवावा लागतो, जर्मनीत होकार. ऑस्ट्रियातल्या प्रत्येकाने विचार करून होकार दिला असं कोणी म्हणणार नाही. जर्मनीतल्या 88 टक्क्यांनी विचार करून नकार दिला असंही नाही. आधी ठरवलेल्या पर्यायावर बसून राहणं म्हणजे पसंती नव्हे, हे या आकड्यांतून शिकावं. म्हणून असा पर्याय ठरवणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारते: बाहेर पडायला किती सह्या लागतात, नंतर माणसाला पुन्हा कधी विचारणार, आणि तो तसाच बसून राहिला तर फायदा कोणाचा.

पैशाची चणचण असताना केलेली निवड धरायची का?

तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर तीच कोडी घातली. आधी, म्हणजे हात रिकामा असताना, ती नीट सुटत नव्हती. बिल हातात आल्यावर सुटली. ऊस पट्ट्यातल्या कोणालाही हे नवल वाटणार नाही. बिल यायच्या आधी सावकाराचे पैसे उचलणारा आणि बिल आल्यावर तेच व्याज पाहून कपाळाला हात लावणारा माणूस एकच असतो.

केनियातल्या शेतकऱ्यांना खताची मागणी सुगी होताच, हातात पैसा असतानाच, नोंदवायची सोय दिली, खत घरपोच. खत वापरणाऱ्यांची संख्या वाढली. विचारण्याची वेळ बदलली आणि लोकांना आपल्या मनासारखं करता आलं. असे उपाय मला सर्वांत जास्त पटतात.

दारूबंदीचं काय? तीही लोकांच्या भल्यासाठीच ना?

वर्धा जिल्हा 1974 पासून कोरडा आहे, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. जिल्हाभर बंदीच्या बाजूचं आणि विरोधातलं बोलणं दोन्ही मी ऐकलं आहे. चोरटी दारू वाढते ही तक्रार मी हलकी मानत नाही.

माझं लक्ष असतं ते गावच्या मतदानाकडे. उभी बाटली, आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडवीला पडली तर दुकान बंद. नुसत्या मत द्यायला आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, एकूण मतदारांच्या. त्यामुळे मजुरीला गेलेली, माहेरी गेलेली प्रत्येक बाई उभीच्या बाजूने मोजल्यासारखी होते. कोऱ्या चौकोनाचा अर्थ कोणीतरी आधी ठरवलेला असतो, तो असा. एवढं असूनही जिथे आडवी जिंकते, तिथे ती निवड मला भक्कम वाटते. ती दिवसाउजेडी झाली आहे, परिणाम भोगणाऱ्यांनी केली आहे, आणि एकमेकींशी महिनाभर बोलून केली आहे. पिणाऱ्याचं स्वतःचं मत त्यात कमी येतं हे खरं. त्याला चेन्नईसारखी स्वतःची शर्त स्वतः मागायची सोय कुठे आहे, हा प्रश्न मी त्या गावांत विचारत आले आहे.

मग कल्याण मोजायचा नादच सोडावा, नुसत्या संधी वाढवाव्यात, हे म्हणणं?

रॉबर्ट सगडन या अर्थतज्ज्ञांचं साधारण असं मत आहे. माणसाच्या आत एक तर्कशुद्ध माणूस लपला आहे आणि बाहेरचा चुका करतो, हे चित्रच त्यांना मान्य नाही. माणसाची पसंती बदलती असली तरी ती त्याचीच, त्याला संधी द्या, असं ते म्हणतात. बाजाराच्या बाबतीत मला हे बरंचसं पटतं. सिंगूरच्या विधवेच्या बाबतीत पटत नाही. दार उघडं आहे हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

घरात याचा काही उपयोग?

माझ्या वडिलांना पडल्यामुळे खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. दवाखान्यात ते रोज म्हणत, “मला नको आता हे व्यायाम, घरी न्या.” दुखण्याच्या भरात म्हणत, रात्री म्हणत. आम्ही भावंडं दोन्ही बाजूंनी भांडलो. मग धाकट्या भावाने एक केलं. सकाळी नऊला, गोळी लागू पडल्यावर, चहा झाल्यावर त्यांना विचारलं, “अण्णा, दुपारी तुम्ही नको म्हणाल तेव्हा आम्ही ऐकायचं का?” ते थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिले. म्हणाले, “दोनदा म्हटलं तर ऐकू नका. तिसऱ्यांदा म्हटलं तर थांबा.”

आम्ही तसंच केलं. दोनदा ते चिडले, शिव्याही दिल्या. तिसऱ्यांदा नको म्हणाले त्या दिवशी फिजिओथेरपिस्टला आम्ही परत पाठवलं.